चकाकीचा जमाखर्च

डेंटिंग-पेंटिंगच्या कामात नुकताच शिरलेला आमचा एक माजी विद्यार्थी परवा भेटायला आला होता. साठवलेल्या पैशांतून त्याला गाडीचा रंग पॉलिश करण्याचे विजेवर चालणारे यंत्र घ्यायचे होते. बाजारात अशी यंत्रे मुख्यतः दोन जातींची असतात. एका जातीत चकती स्वतःच्या मध्याभोवती सरळ गरगर फिरते. दुसऱ्या जातीत ती फिरता फिरता लहान लहान वर्तुळांत डुलतही असते. "नवशिक्याने यातले कोणते घ्यावे?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

प्रश्न दुकानदाराला विचारण्यासारखा होता, पण विचार करू लागल्यावर आमच्या लक्षात आले की आधी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही. घासल्यावर वस्तू चकाकते म्हणजे नेमके काय होते? या प्रश्नावर न्यूटनपासून विसाव्या शतकापर्यंतच्या मोठमोठ्या लोकांनी डोके खपवले आहे, आणि त्यांचे एकमतही सहजासहजी झालेले नाही. तो इतिहास पाहिला की यंत्राची निवड आपोआप सोपी होते.

चकाकी म्हणजे काय?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. 'मळ निघतो', 'खड्डे भरतात', 'पृष्ठभाग गुळगुळीत होतो' अशी तीन उत्तरे हमखास येतात. मळ निघणे हे काही वेळा खरे असते. काळवंडलेला तांब्या चिंचेने घासला की चिंचेतील आम्लामुळे तांब्याच्या ऑक्साइडचा थर विरघळतो आणि खालचा धातू उघडा पडतो. पण ही रासायनिक सफाई झाली. तोच तांब्या राखेने घासतो तेव्हा राखेचे कण धातूवर खरोखरच ओरखडे काढत असतात. मग ओरखडे काढून चकाकी कशी येते?

उत्तर ओरखड्यांच्या आकारात आहे. पृष्ठभागावरील उंचसखलपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने अगदी लहान असेल, तर किरण आरशावरून परततात तसे एकाच दिशेने परावर्तित होतात. उंचसखलपणा मोठा असेल तर ते इतस्ततः विखुरतात. याची मर्यादा साधारण तरंगलांबीच्या आठव्या भागाइतकी धरतात. हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर असते. तिचा आठवा भाग म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटर, मिलिमीटरचा चौदा हजारावा हिस्सा. ही मर्यादा किरण लंबरूपाने पडत असताना लागू होते. किरण जितके तिरपे तितकी ती सैल होत जाते.

हे दाखवायला उपकरणे लागत नाहीत. चकाकी नसलेला साधा गुळगुळीत पुठ्ठा डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरा आणि त्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर नजर ठेवून पलीकडच्या खिडकीकडे पाहा. वरून निस्तेज दिसणारा पुठ्ठा आता खिडकीची झळक दाखवू लागतो. पुठ्ठा तोच असतो, बदललेला असतो तो फक्त कोन.

दुसरा प्रयोग अधिक मौजेचा आहे. रोजच्या वापरातले स्टीलचे ताट एका उघड्या दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांची समकेंद्री वर्तुळे दिसतील. ताट गोल घासल्यामुळे असे झाले, असे मुले म्हणतील. आता ताट स्थिर ठेवून दिवा हलवा. वर्तुळेही दिव्याबरोबर सरकतात! ओरखडे तर जागचे हललेले नाहीत. ते प्रत्यक्षात सर्व दिशांना असतात, परंतु त्यांतील जे प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाच्या दिशेने आडवे पडलेले असतात तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्याकडे पाठवतात. बाकीचे त्या वेळी दिसतच नाहीत. इंग्रज कादंबरीकार जॉर्ज इलियट हिने १८७१-७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिडलमार्च' या कादंबरीत ओरखडलेला आरसा आणि मेणबत्ती घेऊन हाच प्रयोग वर्णिला आहे. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीच्या बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती याच जातीची. धूळ असलेल्या फडक्याने गाडी पुसण्याचे ते फळ असते, आणि पॉलिशच्या यंत्राची गरज पडते ती मुख्यतः तेच घालवण्यासाठी.

न्यूटन आणि हर्शल

दगडाला झिलई देण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. बिहारमधील बराबर टेकडीवर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात खोदलेल्या लेण्यांच्या ग्रॅनाइटी भिंती आजही चकाकतात. घासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कठीण खनिजाचे 'कोरंडम' हे युरोपीय नावदेखील भारतीय भाषांतून गेले आहे. संस्कृत 'कुरुविंद', तमिळ 'कुरुंदम्' आणि आपल्याकडचा कुरुंदाचा दगड ही सगळी एकाच कुळातली नावे.

पण झिलईची मीमांसा सुरू झाली ती दुर्बिणीमुळे. न्यूटनने १६६८ मध्ये आपली परावर्तक दुर्बीण बनवली, तेव्हा तिचा धातूचा आरसा त्याने स्वतः घासला. कापडावर पॉलिश केल्याने आरशाचा नेमका आकार बिघडतो. म्हणून त्याने डांबरासारख्या राळेचा थर वापरून त्यावर कथलाच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड घेतली. १७०४ च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्याने या कामाचे वर्णन केले आहे. झिलईविषयीचे त्याचे मतही त्यात आहे. त्याच्या मते झिलई म्हणजे घासणेच. मोठे ओरखडे जाऊन त्यांच्या जागी इतके बारीक ओरखडे येतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत.

हे काम किती चिकाटीचे होते याची कल्पना विल्यम हर्शलच्या हकिकतीवरून येते. बाथ या गावी तो आपल्या दुर्बिणींचे आरसे हाताने घासत असे. शेवटच्या टप्प्यात हात थांबला तर आरसा बिघडण्याची भीती असे. एकदा तर त्याने सलग सोळा तास आरशावरून हात उचलला नाही, आणि त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती. ही आठवण तिनेच लिहून ठेवली आहे. पॉलिश करणाऱ्या यंत्राची गरज कोणाला भासली असेल तर ती आधी अशा हातांना.

कापणे की वाहणे?

न्यूटनचे मत दोनशे वर्षे टिकले. १९०१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी काचेच्या झिलईचे टप्पे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांना वेगळेच काही दिसले. न्यूटनचे म्हणणे खरे असते तर खरबरीतपणा सगळीकडे हळूहळू बारीक होत गेला असता. प्रत्यक्षात उंचवट्यांचे माथे सुरुवातीपासूनच पूर्ण चकचकीत होते. हे चकचकीत माथे पसरत जात होते आणि मधले खड्डे आक्रसत जात होते. म्हणजे काच तुकड्यातुकड्यांनी निघत नसून जवळजवळ रेणूरेणूने निघत असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्याच सुमारास ग्लासगो येथील रसायनज्ञ जॉर्ज बेल्बी यांनी तिसरेच मत मांडले. झिलई दिलेल्या पृष्ठभागावर आम्लाचा प्रयोग केल्यावर त्यांना नाहीसे झालेले जुने ओरखडे पुन्हा वर आलेले दिसले! यावरून त्यांनी असे म्हटले की घासताना वरचा थर द्रवासारखा वाहतो, खड्ड्यांवर पातळ साय धरतो आणि तसाच गोठतो. १९२१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडले, आणि 'बेल्बी थर' हा शब्द पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. 'खड्डे भरतात' हे वर्गातले उत्तर म्हणजे बेल्बींचेच मत, आणि ते मूर्खपणाचे मुळीच नव्हे.

या मताला सर्वांत मोठा आधार मिळाला तो चक्क कापरामुळे. १९३७ मध्ये केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज यांनी असे दाखवले की झिलई येणे न येणे हे कठीणपणापेक्षा वितळणबिंदूवर अवलंबून दिसते. कापूर सुमारे १७८ अंश सेल्सिअसला वितळतो. सुमारे ७० अंशाला वितळणाऱ्या 'वुड्स मेटल' या मिश्रधातूला मऊ कापराने झिलई येते. कथील २३२ अंशाला आणि शिसे ३२७ अंशाला वितळते. त्यांच्यावर मात्र कापराचा काही परिणाम होत नाही. घर्षणाची उष्णता उंचवट्यांच्या टोकांना क्षणभर वितळवते, असा त्यांचा तर्क होता.

तरीही वाद मिटला नाही. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे धातुशास्त्रज्ञ लेनर्ड सॅम्युअल्स यांनी अधिक बारकाईने पाहिले. चकचकीत धातूवरही त्यांना अतिसूक्ष्म ओरखडे सापडले, आणि बारीक चुऱ्यात कापून निघालेल्या धातूच्या कपच्याही. धातूंच्या बाबतीत न्यूटन बऱ्याच अंशी बरोबर निघाला. आज आपण असे म्हणतो की झिलईची एकच एक क्रिया नाही. धातूत कापणे प्रमुख असते, काचेत पाण्याची रासायनिक मदत मोठी असते, आणि मऊ पदार्थांत उष्णतेने थोडेफार वाहणेही घडते. १९८० च्या दशकात संगणकाच्या चिप्ससाठी सिलिकॉनच्या चकत्या सपाट करण्याची जी पद्धत विकसित झाली, तिच्यात तर रासायनिक क्रिया आणि घासणे जाणूनबुजून एकत्र आणले आहे.

परंतु एका गोष्टीबद्दल आता शंका उरलेली नाही. पॉलिशने पदार्थ निघतो. तो थोडा निघतो, पण निघतोच, आणि गेलेला परत येत नाही. मेण लावल्याने ओरखडे तात्पुरते भरतात, ते धुण्याबरोबर पुन्हा उघडे पडतात. गॅरेजमध्ये या दोन्ही गोष्टींना सरसकट 'पॉलिश' म्हणतात, आणि निम्मा गोंधळ तेथेच होतो.

ड्युकोचे दिवस

आता मोटारीकडे वळू. पहिल्या मोटारी घोडागाडीप्रमाणे रंगवल्या जात. तेलयुक्त व्हार्निशचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा आणि घासायचा. यात कित्येक आठवडे जात. कारखान्याचा पट्टा मिनिटामिनिटाला गाडी बाहेर काढू लागल्यावर हे परवडणारे नव्हते. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' १९१४ ते १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळत असे.

ही कोंडी फुटली ती नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे. ड्यूपाँ कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने तयार केलेला 'ड्युको' हा रंग १९२३ मध्ये बाजारात आला, आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या निळ्या ड्युकोने रंगवल्या गेल्या. हा रंग फवाऱ्याने मारता येई आणि त्यातील द्रावक उडून गेला की तो वाळे. आठवड्यांचे काम तासांवर आले. हे नाव पुढे आपल्याकडेही इतके रुळले की आजही फर्निचरवाले अशा रंगाला सरसकट 'ड्युको' म्हणतात.

पण ड्युकोत एक उणीव होती. वाळल्यावर तो फारसा चकाकत नसे. त्याला रबिंग कंपाउंड लावून घासावे लागे, तेव्हा कोठे आरशासारखी चमक येई. पॉलिश करणे हा दुरुस्तीचा भाग नव्हता, तो रंगकामाचाच शेवटचा टप्पा होता. शिवाय हा रंग उष्णतेने मऊ होणारा आणि थिनरमध्ये पुन्हा विरघळणारा होता. जास्त घासला गेला तर त्यावर आणखी फवारा मारता येई. रंगाचे थर भरपूर असत आणि चुकीला जागा होती.

या कामाला यंत्रही मिळाले. श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरण्याचे विजेचे ड्रिल बनवले होते. कार्बोरंडमसारखे कृत्रिम अपघर्षक १८९० च्या दशकापासून उपलब्ध झाले होते. फिरणाऱ्या दांड्यावर ड्रिलच्या टोकाऐवजी लोकरीची चकती बसवली की बफिंगचे यंत्र तयार! आज 'रोटरी' म्हणून मिळणारे यंत्र मूलतः हेच आहे. ते लॅकरच्या युगाचे अपत्य आहे, आणि त्या युगाला ते शोभतही होते.

रंग बदलला

पुढे मोटारीचा रंगच बदलला. १९८० च्या दशकात दोन थरांची पद्धत सर्वत्र पसरली. खाली रंगाचा पातळ थर आणि वर पारदर्शक 'क्लिअर कोट'. रंगाच्या थरात ॲल्युमिनियमचे कण असलेल्या धातुवर्णी गाड्यांना या आवरणाची विशेष गरज होती. क्लिअर कोटमधील रेणू एकमेकांशी जाळ्यासारखे बांधले जातात. त्यामुळे तो लॅकरपेक्षा टिकाऊ असतो आणि फवारल्यापासूनच चमकतो. पण तो थिनरमध्ये पुन्हा विरघळत नाही, आणि करपला की करपलाच.

त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण करणारी अतिनील किरण शोषणारी द्रव्ये याच आवरणात असतात. हलक्या पॉलिशमध्ये त्यातले एक-दोन मायक्रॉन जातात, जोराने घासल्यास त्याहून बरेच जास्त. म्हणजे प्रत्येक पॉलिश हा चाळीसेक रुपयांच्या पुंजीतून केलेला खर्च आहे, आणि या खात्यात जमा कधीच होत नाही. चकाकी आज मिळते, किंमत काही वर्षांनी उन्हात वसूल होते.

दोन यंत्रांचे गणित

रोटरी यंत्रात चकती स्थिर अक्षाभोवती फिरते. १५० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर तिच्या कडेचा वेग काढू. परीघ सुमारे ०.४७ मीटर, सेकंदाला सुमारे ३३ फेरे, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे १५.७ मीटर. ताशी ५६ किलोमीटरपेक्षाही जास्त! आणि चकतीच्या मध्याचा वेग शून्य. सगळी झीज व उष्णता कडेपाशी गोळा होते, आणि हाताने जोर दिला तरी यंत्र थांबत नाही.

दुसऱ्या जातीत चकतीचा मध्य दांड्याच्या मध्यापासून जरा बाजूला बसवलेला असतो. या यंत्रांना बाजारात 'ड्युअल ॲक्शन' म्हणतात. त्यांची चाल समजण्यासाठी तळहात बाकावर ठेवा आणि मनगट न वळवता लहान वर्तुळात फिरवा. अंगठा असो की करंगळी, प्रत्येक बिंदू सारखेच वर्तुळ काढतो. या वर्तुळाचा व्यास १५ मिलिमीटर आणि मिनिटाला ४५०० आवर्तने धरली, तर वेग सेकंदाला सुमारे ३.५ मीटर येतो, आणि तो मध्यापासून कडेपर्यंत जवळजवळ सारखा असतो. याच्या जोडीला चकती बेअरिंगवर सुटी असल्याने संथपणे स्वतःभोवतीही फिरते. त्यामुळे ओरखडे एकाच दिशेने पडत नाहीत. रोटरीचा हात चुकला तर गाडीवर उन्हात सरकणारे पट्टे दिसतात, ते अशा एकदिश ओरखड्यांचेच.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही चकती सुटी आहे. हाताचा दाब वाढला की तिचे स्वतःभोवती फिरणे थांबते आणि नुसते डुलणे उरते. कापण्याचा जोर घटतो. म्हणजे चूक करणाऱ्याला यंत्रच आवरते. (दातेरी चक्रांनी सक्तीने फिरवलेली ड्युअल ॲक्शन यंत्रेही मिळतात. त्यांत हा गुण नसतो.)

आमचे उत्तर

रोटरी वाईट नव्हे. कसबी कारागिराच्या हातात ते एका फेरीत जे काम करते त्याला दुसऱ्याला तीन फेऱ्या लागतील. पण ते ज्या रंगासाठी जन्मले त्या रंगात चूक दुरुस्त करता येत होती. आजच्या रंगात ती येत नाही, आणि नवशिका तर चुकणारच. म्हणून आम्ही त्याला सुट्या चकतीचे ड्युअल ॲक्शन यंत्र घ्यायला सांगितले. वर्तुळ ८ ते १५ मिलिमीटरचे, चकती पाच-सहा इंची, वेग कमीजास्त करता येणारा, आणि वजन असे की अर्धा तास हात भरून येणार नाही. २१ मिलिमीटरची मोठ्या वर्तुळाची यंत्रे सपाट बॉनेटवर झपाट्याने चालतात, पण वळणदार भागांवर हाताला आवरत नाहीत.

यंत्रापेक्षा वापरण्याची शिस्त मोठी. गाडी आधी धुऊन घ्यावी, नाहीतर धुळीचे कणच अपघर्षक बनतात. पहिला हात भंगारातल्या बॉनेटवर चालवावा. सर्वांत मऊ फोम आणि सर्वांत सौम्य पॉलिश आधी वापरून पाहावे, काम झाले नाही तरच पुढची पायरी चढावी. चकतीच्या पाठच्या थाळीवर मार्करने एक रेघ मारावी. रेघ फिरताना दिसते तोवर दाब ठीक आहे, थांबली की हात हलका करावा. पत्र्याच्या धारेवर रंग पातळ असतो आणि दाब एकवटतो, तेथे यंत्र टेकवूच नये. प्लॅस्टिकच्या बंपरवर विशेष जपावे, कारण पत्रा उष्णता वाहून नेतो, प्लॅस्टिक नेत नाही.

त्याने हे सर्व वहीत उतरवून घेतले आणि जाताना विचारले, "मग सगळेच ओरखडे घालवायचे नाहीत का?" आम्ही म्हटले, नखाला लागणारा ओरखडा खोल असतो. तो पूर्ण घालवायचा तर भोवतीचा सारा थर त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागेल. तो थोडा बुजवावा आणि तसाच राहू द्यावा. ज्याला कोठे थांबायचे ते कळले, त्याला पॉलिश करता येऊ लागले.